जिप्सी किंगच्या १.३ इंजिनाला मिनीचा एम४५ सुपरचार्जर: पुलीचं गणित तपासून हवं आहे

जिप्सी_सोळा_व्हॉल्व्ह
नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग एमपीएफआय, जी१३बीबी इंजिन, १२९८ सीसी, कंपनीचे ८० हॉर्सपॉवर. ऑटोक्रॉस आणि खासगी ट्रॅकपुरतीच ठेवली आहे, रस्त्यावर नेत नाही. एसी नाही, त्यामुळे कंप्रेसरची जागा मोकळी आहे. मिनी कूपर एस (आर५३) मधला ईटन एम४५ ब्लोअर (सुपरचार्जर, म्हणजे क्रँकच्या बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) मिळाला आहे. त्याच्या पुलीचा व्यास मोजला, ६५ मिमी भरला. क्रँकच्या पुढच्या तोंडाला सहा रिबची १२५ मिमीची पुली बोल्ट करायची आहे. लक्ष्य ०.४ बार बूस्ट (वातावरणापेक्षा जास्तीचा हवेचा दाब), १२० हॉर्सपॉवर. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) सध्या नाही. कंपनीचा ईसीयू (इंधन आणि ठिणगी सांभाळणारा संगणक) ठेवून फक्त इंधनाचा दाब वाढवला तर चालेल का? पुली आहे तीच वापरू का?

लेथ_आणि_पाना
पुली आहे तीच अजिबात वापरू नका. आधी हे गणित बघा.

एम४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घनइंच, ७३७ सीसी. तुमचं इंजिन फोर-स्ट्रोक, म्हणून क्रँकच्या एका फेऱ्यात ६४९ सीसीची जागा मोकळी होते. प्रत्यक्षात भरतं ८५ टक्के धरा, म्हणजे ५५० सीसी. ब्लोअरची गळती वजा जाता त्याचेही ८५ टक्के धरू, म्हणजे फेऱ्याला ६२५ सीसी. १२५ भागिले ६५ म्हणजे गुणोत्तर १.९२. क्रँकच्या एका फेऱ्यात ब्लोअर १२०० सीसी हवा ढकलणार आणि इंजिन मागतंय ५५०. हवा दुपटीहून जास्त झाली. मिनीचं इंजिन १६०० सीसीचं, कमी कॉम्प्रेशनचं आणि इंटरकूलर लावलेलं आहे. ती पुली त्याच्यासाठी आहे. तुमचे पिस्टन पहिल्या चढावरच रिंगच्या खाचांपाशी तुटतील.

०.४ बारला इंटरकूलर नसताना गुणोत्तर येतं १.०४ च्या आसपास, म्हणजे ब्लोअरची पुली १२० मिमी. इंटरकूलर लावला तर तोच दाब राखायला १.१८ लागेल, पुली १०६ मिमी. ६००० आरपीएमला ब्लोअर ७१०० च्या आत फिरेल. एम४५ साठी हा निवांत वेग आहे, बेअरिंगची काळजी नको.

आता १२० हॉर्सपॉवरचं. गेज दाब दाखवतं, हवा किती आत गेली ते दाखवत नाही. रूट्स ब्लोअरची (एम४५ याच जातीचा) कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास धरा. बाहेर ४० अंश असताना ०.४ बारला त्यातून बाहेर पडणारी हवा ९७ अंशांवर जाते. गरम हवा विरळ, त्यामुळे दाब ४० टक्के वाढूनही आत गेलेली हवा फक्त १८ टक्के जास्त. त्यातून ब्लोअर फिरवायला ७-८ हॉर्सपॉवर खर्च. हातात उरतात ८७ किंवा फार तर ९०. तीच हवा इंटरकूलरने ५५ अंशांवर आणली तर वाढ ३३ टक्के, हिशेबाने ९८ च्या जवळपास. ०.४ बारवर १२० निघणार नाहीत, आणि दाब वाढवून ते काढायला जाऊ नका.

पुली लेथवर ॲल्युमिनियम ६०६१ ची करून घ्या. पीके बेल्टच्या (हाच तो रिबवाला बेल्ट) खाचांमधलं अंतर ३.५६ मिमी आणि खाचेचा कोन ४० अंश असतो. टर्नरला सॅम्पल बेल्ट नेऊन द्या, नुसत्या तोंडी मापावर सोडू नका. बसवल्यावर डायल लावून बघा, डगमग ०.०५ मिमीच्या आत हवी. जुनी पुली शाफ्टवर प्रेसने बसलेली असते. ती पुलरनेच काढा. हातोडीचा एक ठोका पुढच्या बेअरिंगला कायमची खूण पाडतो आणि मग ती घरघर जात नाही.

कोरडा_संप
वरचं गणित बरोबर आहे. मी इंधन आणि ईसीयूबद्दल लिहितो, कारण इंजिनं खरी तिथे मरतात.

जिप्सीचा ईसीयू मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालतो आणि तो सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. बूस्ट सुरू झाला की ईसीयूला तो दिसतच नाही, त्याच्या लेखी इंजिन नुसतं फुल थ्रॉटलवर आहे. तुम्ही म्हणता तसा इंधनाचा दाब वाढवला तर पेट्रोल जास्त जाईल, पण इग्निशन मागे येणार नाही, म्हणजे ठिणगी उशिरा पडणार नाही, आणि नॉकिंग (पेट्रोलचं बेताल, ठोके देत जळणं) तिथूनच सुरू होतं. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो (स्वतः ट्यून करता येणारे ईसीयू) घ्या, सोबत २५० केपीए वाचणारा एमपीएक्स४२५० सेन्सर. सुरुवातीला दर ०.०७ बार बूस्टमागे टायमिंग एक अंश मागे, म्हणजे ०.४ ला सहा अंश. पूर्ण बूस्टला एअर-फ्युएल (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) ११.५ ते ११.८, ते एक्झॉस्टमधून मोजणारा वाइडबँड सेन्सर लावूनच.

इंजेक्टर: बूस्टवर एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल लागतं. थोडी जागा ठेवून ११० हॉर्सपॉवर धरा. ६९३ सीसी, भागिले चार, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपलीकडे उघडे ठेवायचे नाहीत, म्हणून प्रत्येकी २१७. शिवाय आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्यासाठी ८ टक्के जास्त धरा. २५० ते २८० सीसीचा संच घ्या.

पंप तपासायची सोपी रीत: रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) ३.४ बार दाब असताना रिटर्नची नळी मापाच्या बरणीत सोडा आणि ३० सेकंद मोजा. अर्धा लिटर आलं पाहिजे. आलं नाही तर आधी पंपाच्या टोकाला व्होल्टेज बघा. जुन्या वायरिंगमध्ये तिथे ११ च मिळतात. वेगळा रिले आणि जाड वायर दिली की बऱ्याचदा पंप बदलावा लागत नाही. रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी ब्लोअरनंतरच्या मॅनिफोल्डला जोडा आणि तिला क्लिप लावा, बूस्टमध्ये ती निसटते. रबरी फ्युएल होज वीस वर्षांच्या असतील तर सगळ्या काढून टाका. ई२० ने जुनं रबर फुगतं आणि आतून सुटतं, ते कण थेट इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतात. एसएई जे३०आर९ छापलेली होज मागा.

प्लग एक पायरी थंड. एनजीकेचा ६ असेल तर ७. गॅप ०.७ ते ०.८ मिमी.

हे सगळं खरेदी करायच्या आधी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. जी१३ ला १४ किलो अपेक्षित, १२ ही खालची मर्यादा, आणि चार सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर ब्लोअर बाजूला ठेवा, आधी इंजिन उघडा.

दुसरा_गिअर
दोन गोष्टी राहिल्या. रस्त्यावर नेणार नाही म्हणता ते चांगलं आहे, तो निर्णय बदलू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांच्यानंतर कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं इंजिन घेऊन रस्त्यावर फिरायला वाव नाही, आणि अपघात झाला तर विमा पण हात वर करतो.

दुसरं, स्पर्धेचा वर्ग. एफआयएच्या (मोटारस्पर्धांची जागतिक संघटना) नियमांत सुपरचार्ज केलेल्या पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने गुणतात. १२९८ चे झाले २२०७ सीसी. तुम्ही १४०० च्या आतून उठून दोन हजारांच्या वर गेलात. ज्या स्पर्धेत उतरायचं आहे तिची नियमावली काम सुरू करायच्या आधी वाचा.

जिप्सी_सोळा_व्हॉल्व्ह
सर्वांचे आभार. पुली १०६ ची करतो, ईसीयू बदलतो, इंटरकूलर घालायचं ठरवलं. आता प्रश्न नळ्यांचा. थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी की नंतर? इंटरकूलर कोणता? आणि ब्लोअरच्या मागच्या तोंडाला वॉटर पंपाची जागा आहे, तिचं काय करू?

लेथ_आणि_पाना
मागच्या तोंडापासून सुरू करतो. आर५३ मध्ये गाडीचा वॉटर पंप ब्लोअरच्या मागच्या गिअरवर चालतो. तुम्हाला तो नको. पंप काढा आणि ती जागा ६ मिमी प्लेट व ओ-रिंगने बंद करा. पुढचं आणि मागचं तेल वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. दोन्ही काढा, प्रत्येक कप्प्यातून किती निघालं ते सिरिंजने मोजून ठेवा आणि तितकंच नवं सुपरचार्जरचं तेल घाला. इंजिन ऑइल नको. जास्त भरलं तर सील तेल रोटरवर फेकतं आणि ते तेल ज्वलनात गेलं की नॉकिंग लवकर येतं. मागच्या कप्प्यातून काळं, घट्ट, जळकट वासाचं काही निघालं किंवा काहीच निघालं नाही, तर गिअर उघडून बघितल्याशिवाय तो ब्लोअर बसवू नका. पुली हाताने मागेपुढे हलवून बघा. कपलरचा थोडा सैलपणा असतोच, पण स्पष्ट टक्‌टक् आवाज आला तर कपलर बदला.

थ्रॉटल ब्लोअरच्या आधी ठेवा. क्रम असा: फिल्टर, थ्रॉटल, ब्लोअर, इंटरकूलर, मॅनिफोल्ड. थ्रॉटल नंतर ठेवला तर पाय काढल्याबरोबर ब्लोअर बंद दारावर हवा ठोकत राहतो आणि होज उडतात. आधी ठेवल्यावर बायपास व्हॉल्व्ह मात्र लागतोच. तो मॅनिफोल्डमधली हवा परत थ्रॉटल आणि ब्लोअरच्या मध्ये सोडतो, त्यामुळे क्रूझिंगला ब्लोअर नुसता फिरतो, हवा तापवत नाही. मिनीमध्ये हा बायपास वेगळा बसतो, ब्लोअरच्या अंगात नसतो. सोबत आला नसेल तर आधी तो शोधा.

ब्रेक बूस्टर, मॅप सेन्सर, बायपासची नळी, रेग्युलेटर, हे सगळं मॅनिफोल्डवरून. बूस्टरचा वन-वे व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासा. पीसीव्हीला (क्रँककेसमधला वायू मॅनिफोल्डमध्ये नेणारी वाट) पण चांगला चेक व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि डिपस्टिक उडून बॉनेटखाली तेल पसरतं. टॅपेट कव्हरचा श्वास कॅच कॅनमधून (तेल अडवणारा डबा) थ्रॉटलच्या आधी न्या.

इंटरकूलर पाण्याचा घ्या. ऑटोक्रॉसमध्ये वेग कमी, धूळ जास्त, हवेच्या कूलरला वारा मिळत नाही. पाण्याचं सर्किट स्वतंत्र: छोटा रेडिएटर ग्रिलमागे, विजेचा पंप, तीन-चार लिटर पाणी. इंजिनाच्या कूलंटला जोडू नका, ते स्वतःच ८५-९० अंशांवर असतं.

हळू_चढ
एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. ९५-९८ हॉर्सपॉवरच हवे असतील तर जुन्या बलेनोचं जी१६बी, १५९० सीसी, कंपनीतूनच ९४ हॉर्सपॉवर, जिप्सीत बसतं. बेल्ट नाही, इंटरकूलर नाही, नॉकिंगची भीती नाही. ट्रॅकवर दिवसभर चालवायचं तर मी तेच सुचवेन.

कोरडा_संप
@हळू_चढ, आकडा सारखा दिसतो, पण ब्लोअरचा फायदा वरच्या आरपीएमला नसतो. रूट्स ब्लोअर २००० आरपीएमलाच बूस्ट द्यायला लागतो, गळतीमुळे थोडा कमी, पण देतो. मातीच्या कोपऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना तोच टॉर्क हवा असतो. टिकाऊपणात जी१६ पुढे आहे, हे मान्य.

@जिप्सी_सोळा_व्हॉल्व्ह, बेल्टबद्दल. ब्लोअरकडून क्रँककडे येणारी बाजू ताणलेली असते, टेन्शनर तिच्यावर लावू नका. क्रँककडून ब्लोअरकडे जाणाऱ्या ढिल्या बाजूला लावा आणि आयडलर ब्लोअरच्या जवळ आणा, म्हणजे बेल्टची मिठी पुलीला अर्ध्या घेरापर्यंत बसेल. ब्लोअर बेल्टच्या रिबच्या बाजूनेच फिरवा, पाठीने फिरवला तर तो उलटा फिरेल. सरळ पट्टी लावून पुल्या १ मिमीच्या आत एका रेषेत आणा. ब्रॅकेट १० मिमी प्लेटचं आणि ब्लॉकला किमान तीन ठिकाणी धरलेलं हवं. दोन बोल्टवर ते लवतं, बेल्ट चिरकतो, आणि लोक ताण वाढवत जाऊन वॉटर पंपाचं नाहीतर क्रँकचं बेअरिंग खातात.

ट्यूनिंग टप्प्याटप्प्याने करा. नवा ईसीयू आधी ब्लोअरशिवाय जमवा. आयडल, कोल्ड स्टार्ट, सगळं. मग ब्लोअर बसवून बायपास तारेने कायम उघडा बांधा आणि आयडल परत बघा. आता थ्रॉटलपासून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक जोड व्हॅक्युममध्ये आहे, एक क्लिप ढिली राहिली तरी आरपीएम वरखाली डोलेल. त्यानंतर बायपास सोडा आणि ३५०० आरपीएमच्या वर जाऊ नका. प्रत्येक पूर्ण थ्रॉटलनंतर तिथेच इंजिन बंद करा, प्लग काढा आणि पांढऱ्या पोर्सेलिनवर दहापट भिंग धरा. मिरी कुटून शिंपडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर टायमिंग दोन अंश मागे घ्या. ठिपके चमकत असतील, चांदीच्या कणांसारखे, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या दिवशी गाडी परत सुरू करू नका.

जिप्सी_सोळा_व्हॉल्व्ह
कॉम्प्रेशन आज मोजलं: १३.६, १३.४, १३.५, १२.१. चौथा सिलिंडर दीड किलोने खाली.

लेथ_आणि_पाना
प्लगच्या भोकातून चौथ्यात चमचाभर तेल घालून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. काहीही निघालं तरी ब्लोअर फडक्यात गुंडाळून ठेवा, दोन्ही तोंडं टेपने बंद करून.