मदत हवी आहे: जुन्या विज्ञानपटांतील दृश्ये मालिकांमध्ये पुन्हा कशी उभी केली जातात?

नमस्कार. नागपुरात धरमपेठेत आमचा एक लहानसा चित्रपट अभ्यासगट आहे आणि पुढच्या बैठकीत, जुन्या विज्ञानपटांतील गाजलेली दृश्ये दूरचित्रवाणी मालिकांच्या भागांत पुन्हा कशी उभी केली जातात, हा विषय मला मांडायचा आहे. दोन बाबतींत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. त्याआधी माझी तयारी कुठवर आली आहे ते सांगते.

सुरुवात 'द सिम्पसन्स' या अ‍ॅनिमेशन मालिकेतील १९९४ च्या 'डीप स्पेस होमर' या भागाने करावी असे मनात आहे. कुटुंबप्रमुख होमर यानात वेफर्सचे पाकीट फोडतो, वेफर्स चहूकडे तरंगू लागतात आणि 'ब्लू डॅन्यूब'च्या सुरावटीवर गिरक्या घेत तो ते तोंडाने टिपत जातो. मूळ दृश्य स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मधले, तिथे याच सुरावटीवर यान अंतराळस्थानकाकडे निघालेले असते आणि झोपी गेलेल्या प्रवाशाचे पेन हवेत तरंगत असते. त्याच भागाच्या शेवटी होमरचा मुलगा बार्ट मार्कर वर भिरकावतो, तो संथपणे फिरत असतानाच त्याच्या जागी दंडगोलाकार उपग्रह येतो. क्युब्रिक यांनी वानरमानवाने फेकलेल्या हाडावरून थेट अंतराळात नेणारा जो कट घेतला होता, तोच हा.

मूळ चित्रपट ७० मिमीच्या रुंद पडद्यासाठी घडवलेला आणि मालिका त्या काळच्या जवळजवळ चौकोनी टीव्हीसाठी. आपल्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात घुमटाखाली बसलेल्या मुलांना अंतराळाचा विस्तार समजावून सांगावा लागत नाही. टीव्हीच्या पडद्यावर मात्र तो विस्तार मावतच नाही. मग काही सेकंदांत ओळख पटवायची तर हाताशी उरतात सुरावट, हालचालीची गती आणि कटची नेमकी जागा. दृश्याची ओळख चौकटीपेक्षा याच गोष्टींत अधिक असते, असे माझे मत बनत चालले आहे.

याला छेद देणारे उदाहरणही आहे. 'द एक्स-फाइल्स'च्या १९९३ मधील 'आइस' या भागात १९८२ च्या 'द थिंग'चा सांगाडा दिसतो: बर्फात एकाकी पडलेले संशोधन केंद्र, शरीरात शिरणारा परजीवी आणि प्रत्येकाचा प्रत्येकावर संशय. इथे चित्रचौकट उचललेली नाही, परिस्थिती उचललेली आहे. चित्रपटात तापवलेल्या तारेने रक्ताची परीक्षा होते, तर मालिकेत मल्डर आणि स्कली ही तपास करणारी मुख्य जोडी एकमेकांची मान चाचपून पाहते. खर्च नगण्य, पण भीती तितकीच अंगावर येते. शिवाय या भागातील केंद्राची उभारणी करणारे ग्रॅम मरी यांनी 'द थिंग'साठीही काम केलेले होते.

'स्ट्रेंजर थिंग्ज'ने २०१६ मध्ये आणखी वेगळी वाट धरली. 'ई. टी.' या १९८२ च्या चित्रपटात पाठलाग चुकवण्यासाठी मुलांच्या सायकली आकाशात उडतात. या मालिकेत सायकली जमिनीवरच राहतात आणि समोरून येणारी व्हॅन त्यांच्या डोक्यावरून उडते. ज्याला 'ई. टी.' ठाऊक आहे तो सायकली उडण्याची वाट पाहत असतो, म्हणून तो क्षण त्याच्यासाठी अधिक रंगतो.

आता माझे प्रश्न. गटातील बऱ्याच विद्यार्थ्यांनी मूळ चित्रपट पाहिलेले नाहीत. मूळ दृश्य आधी दाखवले, तर चर्चा साम्ये शोधण्यातच संपेल अशी भीती वाटते. मालिकेतील भाग आधी दाखवला, तर त्यातले बरेचसे त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. कोणता क्रम घ्यावा? दुसरे म्हणजे, ते तरंगणारे पेन आम्हाला सर्वांसमोर चित्रित करून दाखवायचे आहे. चित्रपटात पेन दुहेरी चिकटपट्टीने काचेवर चिकटवून ती काच कॅमेऱ्यासमोर हळूहळू फिरवली होती. आम्ही तसे करून पाहिले, पण काचेत ट्यूबलाइट आणि मोबाइल धरलेला हात स्पष्ट दिसतो. हे प्रतिबिंब कसे घालवावे?

प्रतिसाद

ताई, आधी काचेबद्दल. खोलीतील सर्व ट्यूबलाइट बंद करा आणि एकच दिवा बाजूने, तिरका लावा. कॅमेऱ्याच्या मागे जे उजेडात असते तेच काचेत दिसते, म्हणून कॅमेऱ्यासमोर काळे कापड टांगून त्याला फक्त लेन्सपुरते भोक पाडावे आणि काच धरणाऱ्यांनी गडद कपडे घालावेत. काच चौकोनी असेल तर फिरताना तिचे कोपरे चौकटीत येतात, त्यामुळे ती दृश्याच्या मानाने बरीच मोठी घ्यावी. या दिवसांत कूलरशिवाय बसवत नाही हे खरे, तरी चित्रीकरणापुरता तो बंद ठेवा. वाऱ्याच्या झोताने कापड हलते आणि आवाजही ध्वनिमुद्रणात येतो.

क्रमाबद्दल माझे मत असे की आधी मालिकेतील भाग, मग मूळ दृश्य आणि शेवटी पुन्हा तोच भाग दाखवावा. पहिल्या खेपेला कोणते दृश्य संदर्भावाचूनही उभे राहते ते मुलांनाच विचारा. 'आइस' पूर्णपणे उभा राहील, होमरच्या गिरक्यांची गंमतही कळेल. मार्करवरून उपग्रहावर जाणारा कट मात्र हाडाचे दृश्य पाहिल्याशिवाय उलगडणार नाही. हा फरक मुलांनी स्वतः अनुभवला, तर चर्चा साम्यांच्या यादीपुरती राहणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. काळ्या कापडाचा उपाय उद्याच करून पाहते आणि क्रमही तुम्ही सुचवलेला घेते. मार्करचा कट त्यामुळे अगदी शेवटी ठेवता येईल. आणखी एक विनंती आहे: माझी सर्व उदाहरणे अमेरिकी मालिकांची आहेत. मराठी किंवा हिंदी मालिकेच्या एखाद्या भागात जुन्या विज्ञानपटातील दृश्य असे जाणीवपूर्वक उभे केलेले कोणी पाहिले असेल, तर मालिकेचे नाव आणि दृश्याचे थोडक्यात वर्णन येथे जरूर लिहावे.