पेठेतलं घर : घेतलंत, राहिलात, सोडलंत? अनुभव सांगा

कुंपणावरचा
नमस्कार. सध्या पुण्यात सिंहगड रस्त्याला भाड्याने राहतो. बायकोची शाळा अप्पा बळवंत चौकाजवळ, माझं ऑफिस शिवाजीनगरला. दोघांचे मिळून रोज अडीच तास रस्त्यावर जातात. नारायण पेठेत एक रीसेल फ्लॅट पाहिलाय. ५२० कार्पेट, दुसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत १९८८ ची, खाली झेरॉक्सचं दुकान. एजंट म्हणतो, "साहेब, पेठेतलं घर शोधून मिळत नाही, नशिबात असावं लागतं." सासरे म्हणतात, तेवढ्याच पैशात आंबेगावला टू बीएचके येईल. फायदे-तोटे मला पाठ झालेत, ते नकोत. तुमच्या बाबतीत काय झालं, ते सांगा.

जिन्याखालचा
आम्ही सदाशिव पेठेत घेतलं. घर पाहायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा दुपारी अडीचला, कारण मालकांना तीच वेळ सोयीची होती. आता कळतं का ते! त्या वेळी गल्ली गाढ झोपलेली असते. राहायला आल्यावर पहिल्याच पहाटे साडेचारला कढईचा आवाज. मागच्या बोळात फरसाणवाल्याचा कारखाना, आणि त्याचा धुराडा बरोबर आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली. पांघरुणाला आठ महिने पापडीचा वास येत होता.

पण वास परवडला, कागद नाही. पेठेतल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली सगळ्या इमारतीचं एक घोषणापत्र आणि मग प्रत्येक फ्लॅटचं वेगळं डीड, म्हणजे मालकीचा दस्त. आमच्या मालकांकडे नुसता करारनामा होता, डीड झालंच नव्हतं. बिल्डर वारलेले, त्यांच्या तीन मुलांचं आपसात बोलणं नाही. सही घ्यायला एकाकडे गेलो की तो म्हणणार, आधी मोठ्याची आणा. मोठा म्हणणार, धाकट्याची आणा. दोन वर्षं गेली. टोकन द्यायच्या आधी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मागच्या व्यवहारांची तपासणी, करून घ्या, आणि घोषणापत्रात तुमच्या फ्लॅटला जमिनीचा अविभक्त हिस्सा किती टक्के लिहिलाय तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. उद्या इमारत पाडायची वेळ आली की भांडण तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे तळमजल्याच्या दुकानांना हिस्सा जास्त निघाला. बैठकीत आवाजही त्यांचाच.

दुचाकीच बरी
पार्किंगचं कुणी बोललं नाही अजून? माझी चारचाकी टिळक रोडपलीकडे एका बंगल्याच्या आवारात भाड्याने उभी असते. घरापासून चालत बारा मिनिटं. पावसात मी रिक्षा करून गाडीपर्यंत गेलोय. रिक्षावाल्याने कारण विचारलं, सांगितलं, तर सिग्नलला थांबून हसला. गल्लीत सम-विषम तारखेची पाटी आहे, म्हणून ३१ ची रात्र आमच्याकडे गंभीर असते. दुसऱ्या दिवशी १ तारीख, परत विषमच. कोण काय समजून गाडी हलवेल त्याचा नेम नाही.

माडीवरची
माझी गोष्ट घ्यायची नाही, न विकता येण्याची आहे. माहेरचा वाडा शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत. संरक्षित स्मारकाच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे. दुरुस्ती करता येते, तीही रीतसर अर्ज करून. पाडून नवीन बांधता येत नाही म्हटल्यावर बिल्डर उंबऱ्यावरूनच परत जातो.

वारस अकरा. भाडेकरू पाच, एकाचं भाडं महिना ४५ रुपये. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक म्हणून नोटीस येते, काका ती फडताळात आधीच्या नोटिशांवर ठेवतात. गेल्या वर्षी चौकाच्या बाजूची तुळई वाकली. तिला लोखंडी टेकू दिला, तो स्वयंपाकघराच्या मधोमध आलाय. काकू त्यालाच टॉवेल वाळत घालते. वडिलांचा हिस्सा विकून टाकावा असं भावाला वाटतं, पण घेणार कोण? ज्यांना पेठेत घर घ्यायचंय त्यांनी वाड्याच्या जागी "लवकरच" होणाऱ्या इमारतीत आगाऊ पैसे गुंतवू नयेत, एवढंच म्हणेन. आधी नकाशावर स्मारकापासून अंतर मोजा.

बोळातला
+१. आमच्या वाड्याला स्मारकाची अडचण नाही, बोळाची आहे. आर्किटेक्ट आला, वाड्याकडे पाहिलंही नाही, आधी टेप काढून रस्ता मोजला. अरुंद बोळाला टीडीआर (दुसरीकडून विकत आणायचा जादा बांधकामाचा हक्क) मिळत नाही म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

खाटेचा हिशेब
वेगळा अनुभव. मी घर घेतलं ते भाड्यासाठी. सदाशिव आणि नारायण पेठेत एमपीएससीची मुलं किती, हे अभ्यासिकांच्या बाहेरच्या चपला पाहून कळतं. खोली भाड्याने जात नाही, खाट जाते. वन बीएचकेत चार मुलं ठेवली. हिशेब कागदावर फार सुंदर दिसत होता.

पहिल्या महिन्यात पाण्याची टाकी संपली म्हणून वरच्या मजल्याशी भांडण. दुसऱ्या महिन्यात जिन्यात बारा जोड चपला, म्हणून अध्यक्षांचा फोन. मुलं वाईट नव्हती हो. लातूरकडचा एक पोरगा होता, रात्री अडीचपर्यंत वाचायचा आणि सकाळी सगळ्यांची भांडी घासायचा. त्याचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन सगळ्यात आधी त्याच अध्यक्षांच्या दारात गेला. अध्यक्षांनी त्याला आत बोलावून सरबत दिलं. मला अजून दिलेलं नाही. दोन वर्षांनी मी तिथे कुटुंब ठेवलं. भाडं कमी येतं, झोप लागते.

आजी (नातू टाइप करतोय)
माझा जन्म नारायण पेठेतला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची. आम्ही पर्वतीवर गेलो होतो, परत आलो तर घराच्या जागी चिखल आणि त्यात उभं जातं. आईने ते जातं धुऊन घेतलं, अजून आहे. तुमचा दुसरा मजला आहे ना, मग बरं. तळमजला घेणाऱ्यांनी मात्र शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारावं, पाणी कुठवर आलं होतं. एजंट सांगणार नाही. आणि लिफ्ट नाही म्हणताय, तर आत्ताचे गुडघे धरू नका, साठीचे धरा.

मुक्काम गिरगाव
पुणेकरांच्यात मुंबईचा घुसतोय, चालेल ना? आमच्याकडे "घर घेतलं" म्हणजे बऱ्याचदा पागडीची खोली घेतली. मालकी नाही, भाडेकरूपण विकत घ्यायचं. मी १८० चौरस फुटांची घेतली. ठरलेल्या रकमेतला साधारण तिसरा हिस्सा चाळमालक घेतो आणि मग भाडेपावती तुमच्या नावावर होते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने हे पैसे घेणं कायदेशीर झालं, पण बँक गृहकर्ज देत नाही. सोनं मोडलं, मावसभावाकडून उसने घेतले.

पावती हेच सगळं. ती लॅमिनेट करून देव्हाऱ्याच्या मागे ठेवली आहे. पहाटे पाणी, गॅलरीच्या टोकाला संडास, आणि आजारी पडलो तर दार वाजवायला सात घरं. नंतर शेजारची चाळ पुनर्विकासाला गेली. ३०० फुटांची घरं मिळणार म्हणून सगळे हरखून बाहेर पडले. बिल्डरने वर्षभर भाडं दिलं, मग बंद केलं. त्यातले दोघे आता नालासोपाऱ्याहून गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला येतात आणि पत्र्याच्या कुंपणाशी फोटो काढतात. आता दारात भुयारी मेट्रो आली, २०२५ च्या ऑक्टोबरपासून. त्यांच्या जागेचा भाव वाढला म्हणे. जागेचा.

लक्ष्मी रोडची सून
विसर्जनाचा अनुभव लिहिते, कारण हे घर पाहताना कुणी सांगत नाही. मिरवणूक २४ तासांच्या वर चालते. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. पहिल्या वर्षी आम्ही गाफील राहिलो. रस्ते बंद, रिक्षा नाही. मंडळाच्या चार मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून, दोरखंडाच्या आतून, ढोलपथक थांबवून पलीकडे नेलं. आता आदल्या दिवशीच नणंदेकडे कोथरूडला पोचवतो. काचा थरथरतात म्हणून शोकेसमधलं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते. आणि तरी त्या दिवशी घरात पाहुणे मोजून ४०. दूरचे दूरचे नातेवाईक "सहज" येतात. पोहे चार किलो.

व्यवहारातलं एक : घर फक्त माझ्या नावावर घेतलं म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळाली, ६८ लाखांवर ६८ हजार. जोडीला नवऱ्याचं नाव असतं तर मिळाली नसती. ते अजून याला माझं माहेर म्हणतात.

गेलो एकदाचा
वीस वर्षं राहून सोडलं. बावधनला आहे. मोकळी हवा, दोन पार्किंग. भाकरीचं पीठ संपलं तर गाडी काढावी लागते. आई रोज विचारते, मंडईत मटार आला का?

कुंपणावरचा
सगळ्यांचे आभार, आजींचे जास्त. तुमचं ऐकून काल पहाटे साडेपाचला एकटाच गेलो. धुराडा नाही. पाण्याची मोटर आहे, आवाज मोठा पण वीस मिनिटंच. बँकेच्या माणसाशी बोललो. इमारतीचं उरलेलं आयुष्य मोजून तो १२ वर्षांच्या वर कर्ज द्यायला तयार नाही, म्हणजे हप्ता धरला होता त्यापेक्षा बराच जास्त. हे डोक्यातच नव्हतं. डीड आहे, भोगवटा पत्राची (इमारत राहण्याजोगी झाल्याचा पालिकेचा दाखला) प्रत मालक "शोधतो" म्हणालेत.

जिन्यात पहिल्या मजल्यावरचे काका दूध घ्यायला बाहेर आले होते. "कुणाकडे?" म्हणाले. घर बघायला आलोय म्हटल्यावर वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गाडी आहे?" नाही म्हणालो. "मग या," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.