नेकेड बाईकवर लांबचा पल्ला जमतो का? नाशिककरांनो, अनुभव लिहा

पंचवटीकर

नेकेड, म्हणजे फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) नसलेल्या, सरळ बसायच्या बाईकवर एका दिवसात चारपाचशे किलोमीटर मारणारे आपल्याकडे कमी नाहीत. तरी कुणी ड्यूक किंवा ट्रायम्फ स्पीड ४०० बघायला गेलं की लगेच सल्ला येतो, "टूरिंग करायचंय ना? मग अ‍ॅडव्हेंचर घे, नाहीतर फेअरिंगवाली." मला हे पटत नाही. माझी स्पीड ४०० आहे. ४० पीएस ताकद, १३ लिटरची टाकी. पुणे, इंदूर, सुरत, तिन्हीकडे ती मला नीट नेऊन आणते.

खरा प्रश्न वाऱ्याचा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वर जेवढा असतो त्याच्या सव्वादोन पट १२० वर. मालेगाव सोडून धुळ्याकडे निघालं की हे अंगाला कळतं. ९० पर्यंत वारा छातीला टेकू देतो, मनगटांवरचा भार उलट कमी होतो. शंभरी ओलांडली की तोच वारा मागे रेटायला लागतो. आपण नकळत हँडल आवळून धरतो, खांदे वर चढतात, आणि धुळ्याला चहाचा ग्लास हातात घेताना बोटं आखडलेली जाणवतात. तेच अंतर ९० ने कापलं तर यातलं काही होत नाही.

आणि आपल्याला तासन्‌तास १२० ने जायचंय कुठे? समृद्धीवर दुचाकीला बंदी, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बंदी. नाशिकच्या चारी बाजूंना आहेत ते घाट. म्हणून माझं मत नेकेडच्या बाजूने आहे, पण ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनीही लिहा. कोणती गाडी, कोणता रस्ता, सामान कसं बांधता, मागे कोण बसतं, सगळं येऊ द्या.

गंगापूर_रोड_३९०

ड्यूक ३९०, १३.४ लिटर टाकीवाली. दादा, घाटात तर या गाडीला तोड नाही. त्र्यंबक-मोखाडा-जव्हार जा, नाहीतर वणीवरून सापुतारा चढून पलीकडे वघईला उतरा. रुंद हँडलमुळे गाडी नजर जाईल तिकडे वळते. सकाळी निघून संध्याकाळी परत आलो तरी मन भरत नाही.

सीट मात्र कडक. दीडशे किलोमीटरनंतर बूड बोलायला लागतं. मी जेल पॅड टाकलंय, बराच फरक पडला. पेट्रोल अडीचशेच्या पुढे ताणत नाही. पुणे रस्त्याला पंपांची काळजी नाही, पण पेठ-धरमपूरकडे वळायचं तर नाशिकमध्येच टाकी फुल करा.

मागे कुणाला बसवून लांब जायचं असेल तर ही गाडी नको. मागची सीट उंच, अरुंद, धरायला नीट काही नाही. माझी बहीण सिन्नरपर्यंत आली आणि तिथून एसटीने पुढे गेली.

इंटरसेप्टरवाली

मागे बसणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझी इंटरसेप्टर ६५०, तीही रोडस्टर, म्हणजे नेकेडच. सीट सपाट आणि लांब, त्यामुळे आई मागे बसून वणीला गडाच्या पायथ्यापर्यंत आरामात येते. गाडी २०० किलोंच्या वर आहे, पार्किंगमध्ये जड वाटते. रस्त्यावर मात्र हेच वजन कामी येतं. बाजूने कंटेनर गेला तरी गाडी हलत नाही.

सामानाचं एक सांगते. हिला दोन्ही बाजूंना सायलेन्सर आहेत. सॅडल बॅग नुसती सीटवरून टाकली की मागच्या सस्पेन्शनच्या हालचालीने खाली सरकते आणि कोपरा सायलेन्सरला टेकतो. माझ्या बॅगेचा तळ संगमनेरच्या आत वितळला होता, चंदनापुरी घाट यायचाच होता अजून. आता दोन्हीकडे लोखंडी सॅडल स्टे (बॅग सायलेन्सरपासून लांब धरणारे दांडे) लावलेत आणि जड सामान सीटवरच्या टेल बॅगेत, शक्य तेवढं पाठीजवळ. सगळं वजन मागे टोकाला गेलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि घाटात ते लगेच जाणवतं.

निफाडचा_राईडर

मी विरोधी बाजूने. आधी नेकेड होती, ती विकून फेअरिंगवाली घेतली, आणि मला परत जायचं नाही. कारण थंडी. डिसेंबरात पहाटे पाचला निफाडहून निघून बघा. द्राक्षबागांतून जो गारठा येतो तो जॅकेटच्या चेनमधून आत शिरतो. पिंपळगावपर्यंत बोटं बधिर, क्लच दाबला की नाही तेही कळत नाही. समोर कांद्याची ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे लाईट नाही, अशा वेळी बधिर बोटं धोक्याची आहेत. चांदवडच्या पुढे उघड्या माळावर आडवा वारा लागतो तो वेगळाच. ज्याला कामासाठी बाराही महिने हायवेने जायचंय त्याने फेअरिंगच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचवटीकर

थंडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. हँड गार्ड आणि आत वाराबंद लायनर याने बरंच निभावतं, पण फेअरिंगची सर येत नाही. पहाटेचा प्रवास रोजचाच असेल तर तुमची निवड बरोबर आहे.

सातपूर_गॅरेज

गाड्या रोज हाताखालून जातात म्हणून चार गोष्टी सांगतो. लोक वारा अडवायला उंच काच आणतात आणि हँडलला क्लॅम्प मारून बसवतात. तसं करू नका. काचेवरचा वारा मग थेट स्टिअरिंगवर येतो आणि वेगात हँडल थरथरतं. जमत असेल तर काच फ्रेमच्या माउंटवर बसवा, आणि बेताची ठेवा. काचेच्या कडेवरून सुटलेला वारा बरोबर हेल्मेटवर आदळत असेल तर बिनकाचेची गाडी बरी, मान तरी हलत नाही. डॉमिनार ४०० ला २०२१ पासून कंपनीकडूनच काच, हँड गार्ड आणि पाठीचा टेकू येतो, ती एकदा चालवून बघा.

बाकी चेनला दर पाचशे किलोमीटरला ल्यूब, पावसात भिजली तर त्याच रात्री. मागे माणूस किंवा सामान असेल तर मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवा. तो न वाढवता आलेल्या गाड्यांचे हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातात. आणि चौपदरीवर दुचाकीची मर्यादा ८० आहे. त्या वेगाला कोणतीही नेकेड दिवसभर चालते.

कॉलेज_रोडचे_काका

वय अठ्ठावन्न, सीबी ३०० आर. कोल्हापूरवरून गोव्याला जाऊन आलो, पुण्यात एक मुक्काम करून. सरळ बसायला मिळतं म्हणून पाठ दुखली नाही. टाकी दहा लिटरचीही नाही, त्यामुळे वरचेवर थांबावं लागतं. त्या निमित्ताने पाय मोकळे होतात. कानात इअरप्लग घालायला लागल्यापासून संध्याकाळचं डोकं दुखणं थांबलं. वाऱ्याचा आवाज माणसाला फार थकवतो, हे कुणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहिलं.

गंगापूर_रोड_३९०

काका, इअरप्लग घातल्यावर मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतो का?

कॉलेज_रोडचे_काका

येतो. फोमचे घ्या. वाऱ्याची घरघर कमी होते, हॉर्न ऐकू येतो. आधी गंगापूर धरणापर्यंत घालून बघा, सवय झाली की मगच हायवेला.