सात वर्षांच्या मुलाचा गहू कायमचा बंद होणार, सुरुवात कुठून करू?

बार्शीची सून
नमस्कार. मुलगा सात वर्षांचा, वजन जेमतेम 16 किलो. दीड वर्षापासून पोट फुगतंय, संडास पातळ, सारखी किरकिर. जंताची औषधं तीनदा झाली, लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या संपल्या, पण हिमोग्लोबिन 8 च्या वर सरकेना. आता नव्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली, ती खूप वाढलेली आली. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हाने आतडं बिघडण्याचा आजार, असावा म्हणाले. पुढच्या गुरुवारी सोलापूरला दुर्बिणीची तपासणी आहे. सासूबाई म्हणतात, पोळी आजच बंद करू, लेकराच्या घशात नळी कशाला घालायची? मलाही तसंच वाटायला लागलंय. घरात सहा माणसं, दोन्ही वेळा पोळ्या. ज्वारी घरची आहे, पण हा भाकरीला तोंड लावत नाही. कुणाच्या घरी आहे का हा आजार?

नाना, मिरज
भाचीला आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, सगळ्या डाळी चालतात. मराठी घराला हे जड नाही, धीर धरा.

अनूची आई, पुणे
ताई, आधी एक गोष्ट. गुरुवारपर्यंत पोळी बंद करू नका. हात जोडून सांगते. दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात, आणि गहू पोटात जात असतो तेव्हाच तो खरं काय ते दाखवतो. आम्ही अनूचा गहू आधीच सोडला होता. मग डॉक्टरांनी पुन्हा कित्येक आठवडे खायला लावला, आणि त्या दिवसांत ती पोट धरून रडायची ते मी विसरू शकत नाही. नळीचं म्हणाल तर मुलांना झोपेचं औषध देऊन करतात, अनूला काही आठवतही नाही.

निदान पक्कं झालं की मात्र गहू पूर्ण बंद, आयुष्यभर. 'सणाला एक घास' नाही. ही पचनाची तक्रार नाही. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याचं अस्तर झिजवतं, म्हणून खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. जव म्हणजे सातूही बंद.

पोळी बंद करणं सोपं आहे, लपलेला गहू शोधणं अवघड. आमच्याकडे पाच महिने झाले तरी अनूचा टीटीजीचा आकडा उतरेना. मी रडकुंडीला आले. शेवटी मिसळणाच्या डब्यातली एकेक वाटी ओट्यावर काढली आणि हिंगाची डबी चष्मा लावून वाचली. घटकांत बारीक अक्षरात 'गव्हाचे पीठ'. रोज वरणाला चिमूटभर पडत होतं. बाजारचा हिंग बहुधा पिठात बांधलेला असतो. तांदळाच्या पिठातला मिळतो, तो घ्या. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी गहू असतो, या दोन्ही गोष्टी त्याच्यासाठी वेगळ्या करा. सोया सॉसमध्येही असतो. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. एवढ्या सूक्ष्माचा हा मामला आहे.

आणि गिरणी! गव्हानंतर त्याच जात्यात ज्वारी टाकली की झालं. मी घरी छोटी गिरणी घेतली, तिच्यात गहू कधीच घालत नाही. परात, पोळपाट, तवा, चाळणी वेगळी. सासूबाईंना पटवायला मी हॉलंडच्या डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांची गोष्ट सांगितली होती. गहू काढला की ही मुलं सुधारतात, गहू दिला की पुन्हा खंगतात, हे त्यांनी 1950 साली प्रबंधात मांडलं. त्याआधी अशी कितीतरी मुलं दगावायची. त्या दिवसापासून आमच्या सासूबाई स्वतः डब्या वाचतात.

त्याला भावंडं असतील तर त्यांची आणि तुम्हा दोघांचीही टीटीजी करून घ्या, हा आजार घरात चालतो.

बार्शीची सून
ताई, आत्ताच उठून डबी बघितली. आमच्याही हिंगात गव्हाचं पीठ आहे. सासूबाईंना तुमचं सगळं वाचून दाखवलं. गुरुवारी त्याही सोबत येणार म्हणाल्या. आता भाकरीचं काय करू?

अनूची आई, पुणे
पीठ ताजं हवं, शिळ्या पिठाची भाकरी चिरते. उकळत्या पाण्यात उकड काढा, कोमट असतानाच तळहाताने भरपूर मळा आणि पुरीएवढी छोटी थापा, मग मऊ राहते. अनूला मी तिच्यावर तूप-गूळ लावून गुंडाळी करून द्यायचे. डब्यात घावन, आंबोळी, साबुदाण्याचं थालीपीठ चालतं. गणपतीत उकडीचे मोदक तो पोटभर खाईल, फक्त प्रसादाचा रव्याचा शिरा कुणी हातावर ठेवला तर 'नको' म्हणायला आत्तापासून शिकवा. अनू पहिलीत होती तेव्हा म्हणायची, "आजी, मला गहू बाधतो." आजी लोक लगेच केळं काढून द्यायच्या.

गुरुवारी काय झालं ते इथे नक्की लिहा.