शाळा वस्तीसाठी खुली ठेवण्याबद्दल

एकांनी लिहिलंय की उपनगरातली माध्यमिक शाळा संध्याकाळी वस्तीसाठी खुली केली की मुलांच्या अभ्यासाचा बट्ट्याबोळ होतो. मला नाही पटत. कल्पनाही आजची नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी १९२४ मध्ये तिचा आराखडा मांडला आणि १९३० मध्ये सॉस्टन इथे पहिलं 'व्हिलेज कॉलेज' उघडलं. दिवसा मुलांची शाळा, संध्याकाळी त्याच इमारतीत मोठ्यांचे वर्ग.

खरी मेख असते कुलूप-किल्ल्यांमध्ये. कार्यक्रम सुचवायला सगळे हौसेने पुढे येतात, पण रात्री सभागृहाला कुलूप कोण लावणार म्हटलं की जो तो छताकडे बघतो. शेवटी ते शिपायाच्या गळ्यात पडतं, तेही जादा पैशांशिवाय. संध्याकाळच्या वर्गाने प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या इकडच्या तिकडे केल्या, तर सकाळी विज्ञानाच्या बाई वैतागणारच! त्यामुळे वेगळी कपाटं, शक्य असेल तर वेगळा दरवाजा आणि संध्याकाळपुरता एक पगारी समन्वयक हवाच. एवढी तयारी नसेल तर सुरूच करू नये.

आणि हो, वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला पालकांना खुर्च्या मांडून बसवणं म्हणजे समाजाभिमुख शाळा नव्हे. उपनगरात बरेच पालक दिवेलागणीनंतरच घरी पोचतात. पालकसभा भर दुपारी ठेवायची आणि वर 'पालकांना आस्थाच नाही' म्हणायचं, हे आधी थांबवा. मुलांची नाटकं, दुरुस्तीचे वर्ग वगैरे पुढे बघू.