देशाचा आलेख चढता, मग कर्वे रस्त्याचा असा का?

प्रश्न – एरंडवणेकर

एका संस्थेच्या वार्षिक अंकासाठी भारतातील नायट्रोजन ऑक्साइडच्या प्रदूषणाचा दीर्घकालीन कल मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. उपग्रहांच्या नोंदींत २००५ नंतरच्या दशकात भारतावरील नायट्रोजन डायऑक्साइड वाढत गेलेला दिसतो. त्याच काळात युरोप-अमेरिकेत तो घटला आणि चीनमध्ये २०११ च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागला. पण घराजवळच्या, पुण्यातल्या कर्वे रस्त्याचे आकडे त्याच कागदावर मांडले, तर रेषा हेलकावे खाते आणि हवा मोजणाऱ्या स्वयंचलित केंद्राचे आकडे सुरू होतात तिथे एकदम उडी घेते. ही उडी खरी मानावी का? आणि २०२० नंतर जिथे घट दिसते, तिचे श्रेय बीएस-६ ला, म्हणजे गाड्यांच्या धुरासाठीच्या नव्या मानकांना, द्यावे का?

उत्तर – जुना नमुनेवाला

उडी खरी मानू नका. तुम्ही जुना स्तंभ नायट्रोजन डायऑक्साइडचा आणि नवा स्तंभ एकूण नायट्रोजन ऑक्साइडचा घेतला असावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पहिला मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आणि दुसरा पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) असतो, शिवाय दुसऱ्यात नायट्रिक ऑक्साइडही धरलेला असतो. रहदारीच्या रस्त्यालगत त्याचा वाटा मोठा असतो, कारण गाडीच्या नळीतून मुख्यतः तोच बाहेर पडतो आणि ओझोनशी संयोग होऊन मग त्याचा डायऑक्साइड होतो. जुन्या तक्त्यांचा आणखी घोळ असा, की वर मथळा नायट्रोजन ऑक्साइडचा असला तरी खाली मोजलेला असतो तो डायऑक्साइडच.

मी काही वर्षे हे नमुने घेतले आहेत. सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम आर्सेनाइटच्या द्रावणातून हवा बुडबुडत जायची, दर चार तासांनी नळी बदलायची, पुढे प्रयोगशाळेत रसायने घालून येणाऱ्या गुलाबी रंगाची गडदता ५४० नॅनोमीटरवर मोजायची. आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाला फार तर १०४ दिवस. पावसाळ्यात दिवस बुडाले आणि हिवाळ्यातले सगळे भरले, तर वार्षिक सरासरी आपोआप वर सरकते, कारण थंडीत हवेचा थर जमिनीलगत दबून राहतो. त्यामुळे सरासरीआधी प्रत्येक वर्षी किती दिवस मोजले गेले ते पाहा, आणि दोन पद्धतींचे आकडे एका रेषेने जोडूच नका.

उत्तर – पाषाणची वाचक

वरील उत्तराला एक जोड. उत्सर्जन आणि हवेतील प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशाच्या उत्सर्जनवाढीत कोळशावरच्या वीजकेंद्रांचा वाटा मोठा आहे आणि ती केंद्रे कर्वे रस्त्यावर नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडवर पहिल्यांदा मर्यादा आल्या: २००३ पर्यंत बसवलेल्या वीजसंचांना ६०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, त्यानंतर २०१६ पर्यंतच्या संचांना ३००, आणि २०१७ पासूनच्या संचांना १००. पुढे २०२० मध्ये मधल्या गटाची मर्यादा ३०० वरून ४५० केली गेली. माझ्या मते देशाच्या आलेखाखाली ही तळटीप हवीच, कारण ‘नियम आले’ एवढेच लिहिले तर वाचकाला चुकीचे चित्र दिसते.

बीएस-६ बद्दल मात्र सबुरीने घ्या. डिझेल मोटारीची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.२५ वरून ०.०८ ग्रॅम प्रति किलोमीटर झाली, ही घट मोठीच आहे. पण एप्रिल २०२० मध्ये नवी गाडी विकली जाऊ लागली म्हणून जुना टेम्पो त्या दिवशी रस्त्यावरून हटला नाही. त्यातच ती तारीख टाळेबंदीच्या ऐन मध्यात आली.

प्रश्नकर्ता – एरंडवणेकर

स्तंभ तपासले, चूक माझीच होती. २०२० हे वर्ष आलेखातून वगळावे का?

उत्तर – जुना नमुनेवाला

वगळू नका, पोकळ ठिपक्याने दाखवा आणि कल काढताना धरू नका. हवेतील डायऑक्साइडच्या मर्यादेची आडवी रेघ काढणार असाल, तर तीही अखंड काढू नका: निवासी भागासाठी वार्षिक मर्यादा २००९ पर्यंत ६० मायक्रोग्रॅम होती, त्यानंतर ४० झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक पातळी ४० वरून १० वर आणली. तीही रेघ काढलीत, तर आलेखाच्या तळाशी जागा ठेवावी लागेल.