ओपीजीत खालच्या पुढच्या दातांखाली काळे डाग : रूट कॅनाल करावं का?

सातपुडा७
राम राम. आईचं वय ४८, मुक्काम अमळनेर. अक्कलदाढेसाठी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला, त्यात खालच्या पुढच्या दोन दातांच्या मुळांशी गोल काळे डाग निघाले. दुखणं नाही, सूज नाही, कीड नाही, कधी मारही लागलेला नाही. दोन्ही दातांचं रूट कॅनाल सुचवलंय. आधी काय तपासून घ्यावं? सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करू का?

पांझराकाठ
भाऊ, रूट कॅनाल तूर्त थांबवा. दात जिवंत आहेत का ते आधी बघायचं. कापसाच्या बोळ्यावर कोल्ड स्प्रे मारून तो दाताला टेकवतात. शेजारच्या चांगल्या दातासारखीच थंडी लागली आणि बोळा काढल्यावर काही सेकंदांत ओसरली, तर नस जिवंत समजायची. पल्प टेस्टरनेही (दाताला हलका विजेचा झटका देऊन नस तपासायचं यंत्र) पडताळून घ्या. नस जिवंत असेल तर तो डाग मुळाशी झालेल्या संसर्गाचा असण्याची शक्यता फार कमी.

या वयाच्या बायकांत, याच जागी, जिवंत दातांखाली असे डाग म्हणजे पहिला संशय सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेशियाचा. हाडाच्या जागी आधी तंतुमय ऊती येते, ती काळी दिसते. मग तिच्यात पांढरे ठिपके धरतात, शेवटी पांढरा गोळा आणि भोवती बारीक काळी कड. त्रास नसेल तर उपचार लागत नाही. उलट दात उपटला किंवा तुकडा काढून तपासायला पाठवला, तर तिथला रक्तपुरवठा तोकडा असल्याने जखम चिघळू शकते. म्हणूनच घाई नको म्हणतो.

सीबीसीटी आत्ता नको. ओपीजीत पुढच्या दातांवर मानेच्या मणक्यांची सावली पडते, तो भाग फसवा असतो. त्या दातांचा आयओपीए, म्हणजे तोंडात फिल्म ठेवून काढायचा छोटा एक्स-रे, घ्या.

गिरणामाई
बरोबर. हाच डाग उपदाढेच्या मुळाशी असता तर मेंटल फोरामेन, म्हणजे जबड्याच्या हाडातली नस बाहेर पडायचं नैसर्गिक छिद्र, असू शकला असता. एक्स-रेची ट्यूब आडवी सरकवून दुसरा आयओपीए काढला की छिद्र मुळापासून बाजूला सरकतं. मुळाचा आजार चिकटून राहतो.

अक्कलदाढेकडेही बघून घ्या. अडकलेल्या दाढेच्या माथ्याभोवती २-३ मिमी काळी कड चालते, ५ मिमीच्या वर गेली तर सिस्टचा (द्रव भरलेल्या पिशवीचा) संशय धरायचा. पण ओपीजी चित्र साधारण २० ते ३० टक्के मोठं दाखवतो, फिल्मवर पट्टी ठेवून मोजू नका. आणि मानेत, जबड्याच्या कोनाच्या खाली-मागे, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीला पांढरे ठिपके असतील तर दातांच्या नव्हे, फिजिशियनकडे जा. ते मानेतल्या धमनीत साचलेलं कॅल्शियम असू शकतं, म्हणून कॅरोटिड डॉपलर (त्या धमनीची सोनोग्राफी) सांगतील.

सातपुडा७
मोठे उपकार. दाखवू कुठे?

पांझराकाठ
धुळ्याला एसीपीएम डेंटल कॉलेजात, ओरल मेडिसिन आणि रेडिओलॉजी विभागात. मोबाइलवरचा फोटो नको, ओपीजीची मूळ फाइल न्या. नस जिवंत निघाली तर सहा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा आयओपीए. डाग वाढला, मूळ झिजलं, हाड फुगलं किंवा ओठ बधिर झाला, तर मग सीबीसीटी.